निळ्या हत्तीची इंग्रजी

गिरडजवळच्या वाडीत वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणाऱ्या गोपिकाबाईला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत इंग्रजी कधी लागली नव्हती. समुद्रपूरच्या बाजारात तिचा माल मराठीतच विकला जायचा. नवरा पुंडलिकराव गेल्यावरही तिनं वाडी सोडली नाही. सोडली ती नातीसाठी.

मुलगा किशोर वर्ध्याला एका कंपनीत होता. सून मंजुषा फ्लॅटच्या हॉलमध्ये मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायची. क्लास जोरात चालायला लागला आणि तीन वर्षांच्या आचलकडे बघायला कोणी उरलं नाही, तेव्हा किशोर स्वतः आईला न्यायला आला. "तुह्याशिवाय कोणापाशी ठेवू तिले?" म्हणाला. गोपिकाबाईनं वाडी शेजारच्या शकुबाईवर सोपवली आणि पिशवीत चार साड्या भरल्या.

पहिल्याच दिवशी मंजुषानं सांगून टाकलं, "आई, आचलशी आम्ही इंग्रजीतच बोलतो. तुम्हाला ते जमणार नाही, तर निदान कमी बोला. तुमचं 'काऊन' आणि 'मले' तिच्या तोंडात बसलं तर माझ्या क्लासला कोण येणार?"

पोरीला न्हाऊ घालायचं, भरवायचं, निजवायचं, आणि बोलायचं मात्र नाही. गोपिकाबाईनं आठ दिवस खुणांवर भागवलं. नववा दिवस तिला निघेना.

आचलला जेवताना मोबाईल लागायचा. त्यात एक निळा हत्ती होता. तो प्रत्येक व्हिडिओत कोणाच्या तरी घरात शिरायचा आणि सगळं उलटंपालटं करायचा. चमचा उडून त्याच्या कपाळावर आपटला की आवाज यायचा, "स्पून!" पाय बादलीत अडकला की "बकेट!" उशी फुटून सोंडेत कापूस गेला की "पिलो!" आचल खदखदून हसायची, आणि तिच्या उघड्या तोंडात घास टाकता टाकता गोपिकाबाईही म्हणायची, "बकीट."

"बकीट नाही आजी, बकेट!"

"बकेट."

"गुड गर्ल!" आचल तिच्या गालावर वरणाचा हात फिरवायची.

पाच महिन्यांत गोपिकाबाईला घरातल्या बहुतेक वस्तूंची नावं आली. भाज्या आल्या, जनावरं आली, अंगाचे अवयव आले. दुपारी भांडी घासताना ती एकेक भांडं धरून त्याचं नाव घ्यायची. किशोरनं एकदा ते ऐकलं. "आई, हे काय चाललं तुहं?" म्हणून तो हसला आणि आत जाऊन बायकोला सांगितलं. मग तीही हसली.

एका रविवारी क्लासची चौकशी करायला दोन बायका आल्या. गोपिकाबाई चहा घेऊन हॉलमध्ये गेली. एकीनं तिच्याकडे बघून मंजुषाला काहीतरी विचारलं. मंजुषा म्हणाली, "शी इज अवर मेड."

आपली ओळख करून देताहेत, एवढं गोपिकाबाईला कळलं. या घरात आजवर तिची कोणाशी ओळख करून दिली नव्हती. तिनं पदर सावरला, हात जोडले आणि म्हणाली, "येस. वेलकम."

बायका हसल्या. "व्हेरी गुड!" एक म्हणाली. किशोर सोफ्यावरच होता, त्यानं मोबाईलमधून मान वर काढली नाही. गोपिकाबाई मात्र दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी तिनं कोणी न सांगता सांबारवडी केली.

पुढच्या आठवड्यात हत्तीचा नवा व्हिडिओ आला. कामाची माणसं होती त्यात. ड्रायव्हर आला, प्लंबर आला, कुक आला. मग पदर खोचलेली एक जाडी बाई झाडू घेऊन आली, साबणावरून घसरली आणि तिचं डोकं बादलीत जाऊन बसलं. "मेड!" हत्तीनं टाळ्या पिटल्या.

गोपिकाबाईच्या हातातला घास तसाच राहिला.

"आचल, मेड म्हणजे काय वं?"

"भांडी घासते ना, ती." आचलनं बोट दाखवलं. "तू."

तिला तो व्हिडिओ इतका आवडला की तिनं आणखी चारदा लावायला लावला. मोबाईल गोपिकाबाईनंच धरला होता.

संध्याकाळी मंजुषा क्लासमध्ये असताना गोपिकाबाईनं किशोरला पोळी वाढता वाढता विचारलं, "त्या दिवशी सुनबाईनं मले मेड म्हटलं. काय होते त्याचं?"

लहानपणी खोटं बोलताना किशोर कानाची पाळी ओढायचा, आता चाळिशीतही ओढली. "मेड म्हणजे... घरातलं खास माणूस. मानाचा शब्द हाय तो, आई."

"अस्सं," गोपिकाबाई म्हणाली आणि त्याच्या पोळीवर तूप घातलं. सुनेला आपली लाज वाटली, ते तिला समजण्यासारखं होतं. पण आईला काय, कळणारच नाही, हा हिशोब पोरानं केला तो तिच्या छातीत रुतला.

नात्यांचा व्हिडिओ तिनं शोधून काढला. तीन दिवस मोरीत नळ सोडून ती पुटपुटत होती. पुढच्या रविवारी सात-आठ पालक एकदमच आले. तिनं ठेवणीतली साडी नेसली, चहाचा ट्रे घेऊन हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "आय ॲम नो मेड. आय ॲम ग्रँडमदर. किशोर, माय सन."

मंजुषाचं हसू जरासुद्धा हललं नाही. ती हळू आवाजात, भरभर, इंग्रजीत बोलली. गोपिकाबाईला त्यातले दोनच शब्द पकडता आले. एक 'ओल्ड', दुसरा 'सिक'. हत्ती आजारी पडून तोंडात थर्मामीटर धरून बसतो, तेव्हाचा होता तो शब्द. बोलता बोलता मंजुषानं कपाळाच्या कडेला बोट टेकवलं.

पालकांचे चेहरे मऊ झाले. एका बाईनं उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, तिचं कोपर धरलं आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं विचारलं, "मावशी, औषध घेता ना वेळेवर?"

"मले काई झालं नाई," गोपिकाबाई म्हणाली. "किशोर, सांग ना यायले. सांग, मी कोण हाय."

किशोर उठला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल आई, थोडा आराम कर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि तिला स्वयंपाकघरात नेऊन बाहेरून कडी लावली.

क्लास तासभर चालला. मुलं एका सुरात वाक्यं म्हणत होती. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मंजुषा म्हणाली, "निदान महिना अगोदर सांगायचं होतं." आचल मोबाईल बघत होती. "बाय, आजी," ती मान वर न करता म्हणाली, कारण हत्ती नेमका तेव्हाच पडत होता. गोपिकाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि एकटीच रिक्षानं एसटी स्टँडवर गेली.

दोन महिन्यांत किशोरकडे तीन कामवाल्या झाल्या. एकही टिकली नाही. शेवटी त्याचा फोन आला तेव्हा गोपिकाबाई वांगी तोडत होती.

"आई, आचल जेवून नाई राह्यली. तू ये ना."

गोपिकाबाईचा हात थांबला. "तिले इथं आणून सोड. मी भरवीन."

"इथं तिची शाळा हाय. तूच ये." मग समजूत घातल्यासारखं तो म्हणाला, "आणि फुकट नको येऊ. त्या बाईले देत होतो, तेवढं तुले देऊ."

तिनं पुढचं वांगं तोडलं. किशोरला वाटलं, आवाज पोचला नसेल. त्यानं तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

गोपिकाबाईनं फोन कापला आणि टोपलीत टाकला. तो पुन्हा वाजायला लागला. पलीकडच्या वाफ्यातून शकुबाईनं हाक दिली, "गोपिके, पोराचा फोन असंन. उचलत काऊन नाई?"

"मालाचा टेम्पो येऊन राह्यला," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे सरकली.