पुढच्या चाकाचा ब्रॅकेट

इंग्लंडात लेस्टरला मुलाकडे राहायला आले आणि शनिवार-रविवार मला खायला उठू लागले. पुण्यात तीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढलेली बाई मी, नुसती टीव्हीसमोर कशी बसणार? शेवटी गावाबाहेरच्या एका हँगरमध्ये व्हॉलंटियर झाले. तिथे काही रिटायर्ड मंडळी दुसऱ्या महायुद्धातलं एक अमेरिकन बॉम्बर पुन्हा उभं करत होती. दोन इंजिनांचं, अगदी खालून उडत हल्ला करणारं. मला काम काय, तर जुनी ड्रॉइंग्ज स्कॅन करायची. पण त्यांच्या कोपऱ्यात बदलांची ही लांबलचक यादी! आधी नाक काचेचं, मग बंदुकांनी भरलेलं. तिकडे लढाई पेटलेली आणि इकडे कागदावर विमान सुधारतच चाललेलं. मला भारी मौज वाटायची.

पुढचं चाक मात्र वर जाईना. त्याला धरून ठेवणारा ब्रॅकेट आमच्या ऐंशीच्या घरातल्या टर्नरनी दोनदा बनवला, दोन्हीदा बसला नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "डोळे गेले माझे. उद्यापासून मी येत नाही."

मला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. असा सोन्यासारखा हात घरी बसवायचा?

मी ब्रॅकेट उचलून जागेवर धरला. मापात केसाचाही फरक नाही, फक्त उजव्याचं डावं झालेलं. डोक्यात लख्ख उजेड पडला!

"अहो, थांबा!" मी चक्क मराठीत ओरडले.

घोळ असा होता. टर्नर जुन्या ब्रिटिश पद्धतीत ड्रॉइंग शिकलेले, मीही तीच शिकले. उजवीकडून दिसणारी बाजू आम्ही कागदावर डावीकडे काढतो. अमेरिकन ती उजवीकडेच काढतात. पुण्यात एका अमेरिकन ऑर्डरवर मीही हीच माती खाल्ली होती, साहेबांनी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली होती.

टर्नरना म्हटलं, "डोळे ठणठणीत आहेत तुमचे. कागद अमेरिकनांचा, वाचला आपल्या सवयीनं. मीपण एकदा असाच वाचलाय."

तिसरा ब्रॅकेट बसला, अगदी चपखल! विमान जॅकवर चढवलेलं होतं. पंप मारला तसं चाक हळूहळू वर गेलं आणि नाकात गडप झालं. हँगरभर टाळ्या. मी तर शिट्टी मारली, या वयात!

टर्नरनी हात पुसले. "पुढचं ड्रॉइंग कुठलं? आधी तुम्ही बघायचं, मगच मी मशीन लावणार."

"बघते. पण शनिवारी नऊच्या ठोक्याला हजर व्हायचं," मी दटावलं.

पावणेनऊलाच हजर होते.