तिसरं मुसळ

चमत्काराचे असले अनुभव मी वाचते ते दुपारी जेवल्यावर, करमणूक म्हणून. विश्वास कधीच नव्हता. स्वतःवर लिहायची पाळी आली, कारण घरचे ह्याचा भलताच अर्थ लावून बसलेत.

मंगळवार पेठेत माझं मिरची कांडप आहे. ओळीनं तीन उखळं, वर तीन लोखंडी मुसळं, सगळी एकाच मोटरवर. मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, कोडोलीच्या पद्माक्का वर्षाची चटणी कुटायला आल्या होत्या. तिसऱ्या उखळात खोबऱ्याचा गोळा काठाला चिकटला. त्यासाठी लाकडी दांडकं असतं. पण मुसळ वर गेलं की आम्ही धंदेवाले हातानंच ढकलतो. मीही ढकलला... आणि घड्याळाचा पट्टा काठावरच्या बोल्टात अडकला.

मुसळ वर, हात खाली. स्विच पाठीमागच्या भिंतीवर.

"वैनी, हात काढा की!" पद्माक्का किंचाळल्या.

हात निघेना. आणि मुसळ पडेना! मोटर चालू, शेजारची दोन मुसळं दणादण आपटतायत, हे एकटंच वर थांबलेलं.

त्या वेळी मला काय काय कळत होतं, सांगते. कानामागून उतरणारा घामाचा थेंब. भाजलेल्या लसणाचा वास वेगळा, धण्याचा वेगळा. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी. अडकलेल्या हाताच्या एकेका बोटातली धडधड. इतकी वर्षं जगले, पण इतकी जागी कधीच नव्हते.

डाव्या हातानं बक्कल सोडलं, हात ओढला. तेवढ्यात मुसळ धाडकन खाली. घड्याळाचा भुगा.

"आता घड्याळाची चटणी कोण खानार?" पद्माक्का म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मी आधी स्विच बंद केला, मग त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी मिस्त्रीनं सगळं खोललं. "वैनी, ह्यात अडकायसारखं कायबी न्हाय. सोडलं की पडतंय, बघा."

"मग थांबलं कसं?"

"त्येच तर कळंना झालंय की."

आमचे हे म्हणाले, "नृसिंहवाडीला जाऊन येऊ. आणि हे मशीन विकून टाकू. देव दर वेळी वाचवंल व्हय?"

"वाडीला येते. मशीन विकणार नाही. हात वाचला तो काय मांडीवर ठेवून बसायला?"

"मग निदान कामाला माणूस ठेव."

"म्हणजे माझ्याऐवजी त्याचा हात?"



पट्टा कसा अडकला ते मला नीट सांगता येतं. मुसळ का थांबलं, ते आजही सांगता येत नाही. देव म्हणा, योगायोग म्हणा... मी काहीच म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी पद्माक्का नवी मिरची घेऊन आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. मी दांडकं हातात घेतलं, मोटर चालू केली. तिसरं मुसळ वर गेलं, मी नजर हलवली नाही. खाली आलं. परत वर गेलं.

"या आत," मी म्हटलं, "ओता मिरची."