बिरूचा फोन का वाजला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्याच्याबरोबर रोज चहाला बसतो त्या मित्रालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेलाय, आणि बोरीकडे जाताना मला रस्त्याच्या कडेला बघवत नाही — म्हणून असेल.

आधी माझं खूळ सांगतो. मग बाकीचं कळेल.

मी कळंबला हायवेलगतच्या एका छोट्या ऑफिसात प्रोग्राम लिहितो. ज्यात लिहायचं ते सॉफ्टवेअर म्हणजे एडिटर. आणि त्या एडिटरला वरून जोडायची छोटी छोटी अवजारं म्हणजे प्लगइन. एक रंग बदलतं, एक चूक दाखवतं, एक अर्धवट शब्द पुरा करतं. फुकट मिळतात, एका बटणावर बसतात. मला त्यांचा नाद होता. नवं दिसलं की बसव. कुणी लिहिलंय, आत नेमकं काय करतं — कोण वाचत बसतो? आमचे मालक विलासदादा थट्टा करायचे, म्हणायचे, तुझ्या एडिटरला नवरीएवढे दागिने झालेत, आता त्याला चालता येतंय का बघ. मीही हसायचो. ऑफिसात आपल्याएवढं डोकं कुणाला नाही असं मला वाटायचं, तेही सांगून टाकतो.

दादांचा नियम मात्र एकच होता. ऑफिसातल्या सामाईक कॉम्प्युटरवर त्यांना विचारल्याशिवाय काही बसवायचं नाही. त्या कॉम्प्युटरवर वाघाचं काम चालायचं.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. उसात जन्मतो, उसात वाढतो, आणि ऊस तर आमच्या मागच्या दारापर्यंत आलेला. दादांनी स्वतःच्या हौसेने एक सोय केली होती. कुणाला वाघ दिसला की त्याने ऑफिसला कळवायचं, आणि इथून त्या गावच्या सगळ्या नंबरांवर एकदम फोन जायचा — वाघ दिसलाय, लेकरंबाळं आत घ्या. त्यासाठी एक साधी फाइल होती. गावाचं नाव, त्याखाली एका ओळीत एक नंबर, मग पुढचं गाव. ही फाइल मनीषा सांभाळायची.

मनीषा कळंबचीच, ऑफिसच्या मागच्या गल्लीत राहणारी. स्कूटीवर गावोगाव फिरून तिने नंबर गोळा केले होते. मेंढपाळांचेसुद्धा. त्यांचं एक गाव नसतं. ते वरच्या आणे गावाच्या पठारावरून मेंढ्या घेऊन खाली उतरतात, आज याच्या रानात मेंढ्या बसवतात, पुढे दुसऱ्याच्या. म्हणून मनीषाने त्यांचा एकच नंबर वाटेतल्या प्रत्येक गावाखाली लिहिला होता. बिरू नावाच्या मेंढपाळाचा नंबर आण्याखाली होता, बोरी बुद्रुकखाली होता, कळंबखालीही होता. एकच नंबर किती वेळा लिहितेस, असं मी तिला विचारलंही होतं. तिने मला सगळं समजावून सांगितलं. माझ्या एका कानात गाणं चालू होतं. मी मान डोलावली.

इथपर्यंत सांगायला जड जात नाही.

एक दिवस दादा लग्नाला गेले होते आणि मनीषा जेवायला घरी. मी काहीतरी बघायला ती फाइल उघडली. मध्येच रिकाम्या ओळी, कुठे नंबराच्या पुढे मोकळी जागा — मला असलं गबाळं बघवत नाही. नुकतंच मी घरी एक प्लगइन बसवलं होतं. फाइल सेव्ह केली की ते आपोआप झाडलोट करतं. तेच मी सामाईक कॉम्प्युटरवर बसवलं. दादांना फोन करता आला असता की नाही? आला असता. काय काय झाडायचं ते विचारणारे चौकोन समोर आले — रिकाम्या ओळी, जादा जागा, पुन्हा आलेल्या ओळी. मी सगळ्यांवर खूण केली. नीट वाचलंसुद्धा नाही. तेवढ्यात खालून चहावाल्याने हाक मारली, म्हणून फाइल तशीच बंद करून मी उतरलो. मनीषा बघेल तेव्हा चाटच पडेल, असं काहीतरी मनात होतं.

दुसऱ्या दिवशी मनीषाने दोन-तीन नवे नंबर घातले आणि सेव्ह केलं. फाइल लांबलचक. वर-खाली काय गळालं ते तिला दिसणार कसं? बिरूचा नंबर आण्याखाली राहिला. बाकीच्या गावांतून गेला. इतर मेंढपाळांचेही असेच गेले. त्यांच्यावर वेळ आली नाही, इतकंच.

त्या आठवड्यात बिरूचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, बोरीत होता, गावापासून लांब, उसाच्या कडेच्या रानात. ऊन अजून उतरायचं होतं तेव्हा ऑफिसात फोन आला — ओढ्याजवळ वाघ दिसला. मनीषाने लगेच बटण दाबलं. गावभर फोन वाजले. बायकांनी पोरं आत ओढली, कुणी गोठ्याला कडी घातली, पोरांनी डबे बडवायला सुरुवात केली. बिरू मेंढ्यांना ओढ्याच्या पार खालच्या अंगाला पाण्यावर घेऊन गेला होता, फोन त्याच्या खिशात होता. त्याची बायको ठकूबाई रात्री मेंढ्या कोंडायचं जाळं बांधायला उसाकडे पाठ करून वाकली होती. वाकलेल्या माणसावर तो येतो म्हणतात. आला. फोन वाजला असता तर बिरू पळत तिच्यापाशी पोचला असता, एवढा वेळ हातात होता. हे मी नंतर बोरीत जाऊन, ओढ्यापासून त्या रानापर्यंत चालून बघितलंय.

ठकूबाई दवाखान्यात पोचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात आलो. का आलो? मला संशय होता, म्हणूनच आलो. एक कोरी फाइल उघडली, माझाच नंबर वर एकदा लिहिला, खाली एकदा लिहिला आणि सेव्ह केलं. माझ्या डोळ्यांदेखत खालची ओळ गेली. आवाज नाही, विचारणं नाही. मी परत लिहिली. परत गेली. किती वेळ तेच करत बसलो कोण जाणे. बाहेर दादांच्या गाडीचा आवाज आला, आणि मी प्लगइन काढून टाकलं. तेही एका बटणाचंच काम. एडिटरने विचारलं, बंद करून पुन्हा चालू करू का? मी हो म्हटलं. ती कोरी फाइलही पुसली. दादा आत आले तेव्हा मी टेबल पुसत होतो.

पुढचं अगदी सरळ घडलं. दादांनी फाइल बघितली, बिरूचा नंबर बोरीखाली नाही. जुन्या प्रती ठेवायची तेव्हा आम्हाला शिस्त नव्हती. फाइलला हात कुणाचा लागतो? मनीषाचा. तोच नंबर परत दिसला म्हणून तूच पुसला असशील, असं दादा तिला म्हणाले. मीच लिहिला तो मी कशाला पुसू, एवढंच ती म्हणत राहिली. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघत होतो.

दिवस-कार्य झाल्यावर बिरू ऑफिसात आला. आम्हाला वाटलं शिव्या देईल, अंगावर येईल. तो दारात उभा राहिला आणि फोन पुढे धरून म्हणाला, "समद्यांचा वाजला. माझा का न्हाई वाजला?"

त्या खोलीत उत्तर माहीत असलेला मी एकटा होतो. मनीषा रडत उठली आणि त्याच्या पाया पडली. पाया मी पडायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तरी हा माझा सगळ्यात मोठा गुन्हा नाही. तो पुढे आहे.

मनीषाचं काम सुटलं. गावात कुजबुज सुरू झाली, हिच्यामुळे बाई गेली म्हणून. एकदा ती मला बसथांब्यावर भेटली. चेहरा ओळखू येत नव्हता. म्हणाली, "भाऊ, तुमाला कॉम्प्युटरमधलं लई कळतं. खरं सांगा. माज्याच हातनं गेला असंल का वो त्यो नंबर?"

बघा, तिला स्वतःची खात्री राहिली नव्हती. मी म्हटलं असतं, नाही गं, तुझ्या हातून नाही — कसं ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं — तर ती त्या दिवशी घरी जाऊन जेवली असती. मी एवढंही केलं नाही. तिची शंका टिकली तरच मी सुरक्षित होतो, आणि मला सुरक्षित राहायचं होतं.

"असेल," मी म्हणालो. "घाईत होतं असं."

तिने मान हलवली. वर मला म्हणाली, तुम्ही खरं बोललात ते बरं झालं, बाकीचे नुसती समजूत घालतात. एसटी आली, ती चढून गेली. त्यानंतर तिने कॉम्प्युटरला हात लावला नाही. ती घरच्या गाई बघते. वाडे खाली उतरले की डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बिरूच्या वाड्यावर जाते, आणि तो तिच्याकडे न बघता भाकरी घेतो. हे मला गावातल्यांनी सांगितलं, मी बघायला गेलो नाही.

फाइल आता मी सांभाळतो. दादांनीच सोपवली, भरवशाचा माणूस म्हणून.

यंदा वाडे उतरले तेव्हा बिरू ऑफिसात आला. फोन नवा होता, नंबरही नवा. खुर्चीवर बसायला तयार होईना. उभ्यानेच नंबर सांगितला आणि म्हणाला, "ह्या टायमाला तुमीच लिवा, भाऊ. त्या पोरीच्या हातात नगं."

मी बरं म्हणालो. आण्याखाली लिहिला, बोरीखाली लिहिला, कळंबखाली लिहिला, आणि त्याला वाचून दाखवला. त्याने दोन्ही हात जोडले.

संध्याकाळी मी मागच्या गल्लीतून घरी निघालो. मनीषाचं दार उघडं होतं, ती आत धारा काढायची भांडी घासत होती. मी थांबलो नाही.