पेडलवरचा पाय

ब्रेकमधली हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकानं ट्रकखाली शिरायचं, दुसऱ्यानं केबिनमध्ये बसून पेडल दाबून धरायचं. खालच्यानं चाकामागचं निपल सैल केलं की ऑइलबरोबर अडकलेली हवा बाहेर पडते. ते पुन्हा आवळलं, की मगच वरच्यानं पाय उचलायचा. आमच्याकडे वरचा पाय बायकोचा असायचा.

मी खालून ओरडायचो, "दाब!"

"दाबेल शे."

"सोड!"

पाय उचलता उचलता तिचा टोमणा यायचा, "हवा गाडीमा शे का तुम्हना डोकामा?" शेवटी पेडल टणक झालं की ती म्हणायची, "लागनं!" ब्रेक लागला हे ऐकलं की मी कपडे झटकत बाहेर निघायचो.

ती गेली तेव्हापासून ट्रक खळ्यात उभा होता. आमच्या ब्राह्मणपुरीची पपई आणि केळी वाहून वाहून त्याचं वय झालंय, तसं माझंही. ब्रेक ऑइल गळून पेडल पार तळाला जात होतं. होळीला मुलगा यायचा होता. फोनवर म्हणाला, "आप्पा, गाडी नुसती उभीच शे, भंगारमा दी टाकूत." माझं डोकंच फिरलं. जिथं ती बसायची ती सीट किलोवर विकायची? म्हटलं, तुला घ्यायला शहाद्याच्या स्टँडवर ट्रक घेऊनच येतो, मग बोल.

चाकातली गळकी रबरं मी बदलली. राहिली होती ती हवा. शेजारी आपणहून आला, "भाऊ, मी बसस ना पेडल दाबाले." मी नको म्हटलं, तेही तिरसटपणे. तिच्या जागी दुसऱ्या कुणाचा पाय मला नको होता. बिचारा चहाही न घेता गेला.

मग सीट आणि पेडलमध्ये बांबू अडकवला. निपल सैल केलं की पेडल खाली जायचं आणि बांबू निसटून धाडकन पडायचा. त्याला शिव्या घालत पुन्हा अडकवायचो. एकदा खाली पडल्या पडल्या सवयीनं तोंडातून गेलं, "दाब!" आणि मी उत्तराची वाट बघत पडून राहिलो.

शेवटी घरात गेलो. तिच्या आजारपणात घरीच सलाईन लावायचे, त्यातली एक नळी कपाटावर राहिली होती. टाकून द्यायला हात धजावला नव्हता. त्या नळीचं एक टोक निपलवर चढवलं, दुसरं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. आता पाय उचलला तरी हवा परत आत शिरणार नव्हती. वर चढून पेडल दाबायचं, उतरून नळीत बघायचं. बुडबुडे सरकत होते. याच नळीत बुडबुडा दिसला की ती घाबरायची आणि मी टिचकी मारून तो वर पाठवायचो.

मग एकेक चाक करत गेलो. शेवटच्या चाकाचे बुडबुडे थांबले, निपल आवळलं, वर चढून पेडल दाबलं. दगडासारखं टणक.

"लागनं," मी म्हणालो. ऐकून खालून निघणारं कुणी नव्हतं. ट्रक वाचला होता, स्टँडवर जाता येणार होतं, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होतो. हे काम एकट्यानंही होतं, हे मला कळायला नको होतं.