बंद चर्चच्या पायरीवर

सोलापुरात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर होते. दर नाताळला माझ्या डब्यातल्या करंज्या खायचे आणि हसत हसत म्हणायचे, "बाई, तुमचा देव म्हणजे साहेबांचा देव. साहेब गेले, तुम्ही तेवढ्या राहिलात." मी नुसती हसायचे. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

निवृत्त झाले आणि वर्षभरात मिस्टर गेले. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटला कुलूप लावून मी मुलाकडे गेले, स्कॉटलंडमधल्या एका लहान गावात. सुनेचे दिवस भरत आले होते, सहा महिने राहायचं ठरलं होतं. पहिल्याच रविवारी पांढरी साडी नेसले, गीतांचं पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि मुलाला म्हटलं, "चल, उपासनेला."

तो चहा ढवळत राहिला. "आई, इथं जवळ चर्च नाही."

"कोपऱ्यावर आहे की दगडी. गाडीतून दिसलं मला."

"ते... तूच बघ जाऊन."

गेले. शिखरावरचा क्रूस जागच्या जागी होता, पण दारावर क्लाइंबिंग सेंटरची रंगीत पाटी होती. आत वेदीच्या जागी छतापर्यंत भिंत उभी केलेली, तिच्यावर प्लास्टिकचे लाल-हिरवे खुंट, आणि कमरेला दोर बांधून माणसं ते धरून वर चढत होती. मंडळीतली माणसं येईनाशी झाली, म्हणून चर्च विकून टाकलं होतं.

मला रडू आलं नाही. राग आला. ज्यांचा देव म्हणून मला जन्मभर ऐकवलं गेलं, ते त्याला केव्हाच सोडून मोकळे झाले होते. मग इतकी वर्षं मी कुणाचा देव सांभाळत होते? माझाच. बाहेर पायरीवर बसले, पुस्तक उघडलं आणि गायला लागले. शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज तो, रस्त्यापलीकडे सहज जात होता.

आतून तिथला मॅनेजर आला, तिशीतला. वाकून म्हणाला, "तुम्ही रस्ता चुकलात का?"

"नाही. बरोबर जागी आलेय."

"पण इथं बसून असं..."

"मनाई आहे? तशी पाटी दाखवा."

पाटी नव्हती. तो आत गेला आणि मी उरलेली तीन कडवी पुरी केली.

घरी मुलगा चिडला होता. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. "आई, लोक बघतात. तू जाशील परत, मला इथं राहायचंय."

"बघू देत. मी काय चोरी करतेय?"

तो आठवडा आम्ही कामापुरतंच बोललो.

दुसऱ्या रविवारी समोरच्या थांब्यावर बस येऊन उभी राहिली. तिची ड्रायव्हर, चाळिशीची एक काळी धिप्पाड बाई, रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आली. "ममा, प्रार्थना चाललीय ना?"

"हो."

"भाषा कुठली?"

"मराठी."

"ती नाही येत मला. आमेन येतं." ती शेजारी टेकली. "माझी बस सुटायला सात मिनिटं आहेत. गा."

मी गायले आणि तिनं असं दणदणीत आमेन म्हटलं की बसमधल्या माणसांनी माना वळवल्या. ती नायजेरियाची. जाताना म्हणाली, "इथं आल्यापासून दोन वर्षं मी मनातल्या मनात गातेय. आजपासून बंद, ते मनातलं." त्यानंतर एकही रविवार तिनं चुकवला नाही.

नात झाली त्याच्या पुढच्या रविवारी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "चाल बरोबर आहे. पण तुम्ही फार पळता." आमच्या काही गीतांना त्यांच्याकडच्याच चाली आहेत, तेव्हा त्यांनी ओळखली यात नवल नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता. "आता मी काही मानत नाही," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? हे तुमच्या लोकांच्या डोक्यात आमच्या लोकांनी भरवलं, याची मला शरम वाटते."

म्हणजे इथंही तेच! या खेपेला मी हसले नाही.

"माझ्या आजोबांच्या डोक्यात कुणी काही भरवलं नाही," मी म्हटलं. "सांगोल्याकडच्या माळावर ते मेंढरं राखायचे. कुणीतरी त्यांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचून दाखवली."

"मेंढरं माझ्या वडिलांकडेही होती. शहाणा माणूस एका मेंढरासाठी नव्व्याण्णव टाकून जात नाही."

"माझे आजोबा जायचे. म्हणायचे, 'दिस मावळला तरी हुडकायचं. आपलंच हाय की ते.' असा देव असेल तर तो आपल्यातलाच, असं त्यांना वाटलं. भावांनी कळपातला वाटा दिला नाही, विहिरीवर येऊ देईनात. पोटासाठी धर्म बदलला म्हणतात ना, त्यांच्या पोटाला मिळालं ते हे."

म्हातारबाबा काठी बाजूला ठेवून पायरीवर टेकले. मग म्हणाले, "बायको गेली तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही."

"मिस्टर गेल्यावर मी रोज भांडले त्याच्याशी. अजून भांडते. अबोला मात्र मला जमला नाही."

पुढच्या रविवारी ते गळ्यात अकॉर्डियन अडकवून आले. "तुम्ही ठेका बिघडवता, म्हणून आणलाय," एवढंच बोलले.

नोव्हेंबरात पावसाबरोबर बर्फ पडायला लागला. मी शालीवर शाल घेऊन बसायचे. एकदा मॅनेजर बाहेर आला तेव्हा मी भांडायच्या तयारीनं उठलेच. तो म्हणाला, "आत या. मागं बूट ठेवायची खोली आहे. तुम्ही इथं आजारी पडलात तर मलाच निस्तरायला लागेल."

खोलीत रबराचा आणि घामाचा वास होता. पण डोक्यावर छप्पर होतं, आणि ते चर्चचंच होतं. चारजण झालो, मग सहा. नाताळच्या आधीच्या रविवारी दारात मुलगा उभा, नातीला छातीशी बांधून. "तिच्या आईला झोपायचंय, म्हणून हिला घेऊन आलो," म्हणाला. मी गीत सुरू केलं. दुसरं कडवं तो पुस्तकाशिवाय गायला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसरं कडवं उचललं.

फेब्रुवारीत निघाले. निरोप घेताना म्हातारबाबा म्हणाले, "मी अजून काही मानत नाही बरं का."

"मी विचारलं का?"

"किल्ली त्या मॅनेजर पोरानं माझ्याकडे दिलीय. कुणी येवो न येवो, अकराला दार उघडीन."

त्यांचे हिवाळ्यात अकरा वाजतात तेव्हा सोलापुरात साडेचार. ड्रायव्हरबाईनं रविवारची सुट्टी मागून घेतलीय, तीच व्हिडिओ कॉल लावते. आता तिथं नऊजण असतात. मागच्या रविवारी मी त्यांना एक मराठी ओळ शिकवायला घेतली. 'ळ' कुणालाच जमेना. मी पुन्हा म्हणून घेतली, मग तिसऱ्यांदा, आणि येईपर्यंत कुणालाही उठू दिलं नाही.