अकरा नंबरचे बूट

बेळगावात माझे काका माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत, बुटांवरून ओळखत. कॉलेजला असताना मी त्यांच्याकडेच राहायचो. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी खाली बघत आणि मग त्याला नावाने हाक मारत. सगळं गाव तेव्हा बेलबॉटम आणि टेरिलीनमध्ये फिरत होतं. काका मात्र पोटाच्या वर चढवलेली चुण्यांची पँट, गॅलिस आणि लोकरीचा कोट घालून सायकलवरून सरकारी कचेरीत जायचे. कोटाला कसर लागू नये म्हणून त्यांच्या ट्रंकेत निपाणीच्या तंबाखूची पानं घातलेली असत. ते टेबलाशी येऊन बसले की शेजारचे दोन कारकून शिंकायला लागत. हेडक्लार्क एकदा वैतागून म्हणाले, "तुम्ही तंबाखू खाता की घालता?" सुपारीच्या खांडालाही न शिवणारे काका ती गोष्ट आठवडाभर कौतुकाने सांगत होते.

दर रविवारी ते कँपात जात. कुठल्या बंगल्यातले म्हातारे कॅप्टन मुलाकडे पुण्याला निघालेत, कुठे सामान विकायला काढलंय, याची बातमी त्यांना पोस्टमनच्या आधी लागे. तिथून आणलेले जुने बूट सावलीतच वाळायचे, आत कागदाचे बोळे घालून. मी एकदा जोड उन्हात ठेवला तर केवढे दुखावले. म्हणाले, "कातडं म्हंजे जित्राब हाय रं. उन्हात बांधून ठेवतोस व्हय?" पॉलिश करताना बोटाला धोतराची चिंधी गुंडाळून ते इतक्या हळू हात फिरवत की, काकू म्हणायच्या, माझं डोकं दुखतं तेव्हा असा हात फिरवला असता तर बरं झालं असतं.

पण काकूंची खरी तक्रार निराळी होती. "पाय सात नंबरचा आन् बूट आणत्यात अकराचं. उरलेल्या जागंत संसार मांडू व्हय?" काका हसून विषय बदलत.

ते बूट आजोबांसाठी, म्हणजे काकांच्या आप्पांसाठी होते. निपाणीजवळच्या गावात जन्मभर अनवाणी राबून आजोबांचे पंजे पसरले होते. चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेला नवा जोड त्यांना तासाभरात चावला होता. त्यामुळे जुना, मऊ पडलेला, रुंद तोंडाचा जोड हवा होता. काका एकेक जोड एस.टी.ने गावी नेत आणि परत आणत. असे पाच झाले. आप्पांनी एकदा बूट घालून गावातून चालावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सहावा जोड बसला. आम्ही तिघं वस्तीतून निघालो. कुणाच्या अंथरुणावर पाय पडू नये तसे आजोबा जपून चालत होते. चावडी आली आणि ते खाली बसले, नाड्या सोडल्या आणि बूट हातात घेऊन उभे राहिले.

"लागतंय व्हय आप्पा?" काकांनी विचारलं.

"न्हाय रं. लई मऊ हाय." मग त्यांचं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. आमच्या लोकांनी चावडीपुढून वहाणा हातात घेऊन जायचं, हा त्यांच्या तरुणपणातला गावाचा दंडक होता. तो मोडून कितीतरी वर्षं झाली होती. चावडीत तेव्हा एक म्हातारा पेपर वाचत होता, त्याने मानही वर केली नव्हती. आजोबा ओशाळून म्हणाले, "ध्यानातच आलं न्हाय बघ."

इस्त्री मोडेल म्हणून एस.टी.त उभ्याने येणारे काका धुळीत गुडघे टेकून बसले. रुमालाने त्यांनी वडिलांचे पाय पुसले, बूट चढवले आणि नाड्यांना दोनदोन गाठी मारल्या. आजोबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी मागे राहिलो.

पुढे दोन वर्षं, अगदी शेवटपर्यंत, आजोबांनी ते बूट वापरले. पण चावडी जवळ आली की त्यांचा हात आपोआप खाली जाई. काका सोबत असले की तो हात आपल्या हातात घेत, आणि चावडी मागे पडेपर्यंत सोडत नसत.