बाजूची शिवण

गाड्यांचं सामान विकणाऱ्या त्या गल्लीत सगळेच तिला काकू म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले ट्रकवालेसुद्धा. गल्लीच्या तोंडाशी तिच्या धाकट्या दिराचं दुकान होतं. दारात स्टिअरिंगची कव्हरं माळेसारखी लटकलेली, भिंतीवर हॉर्न, काचेच्या कपाटात दिवे, आणि मागे पत्र्याच्या छपराखाली फिटिंगची जागा. तिथे गाड्या लावायच्या, दारं उघडी टाकायची आणि जे काही बसवायचं ते बसवायचं. छपराच्या एका कोपऱ्यात फळ्या टाकून जमीन जरा उंच केली होती. तिथे काकूचं मशीन.

ती मूळची कपडे शिवणारी. लहान मुलींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे. तयार कपडे स्वस्त झाले तशी गिऱ्हाइकं आटत गेली आणि उरली ती फक्त चेन बदलून मागणारी. त्याच सुमाराला दिराचा कारागीर ऐन गर्दीत काम सोडून गेला. एका गाडीच्या सीटा उघड्या पडलेल्या, मालक दारात उभा. दीर धापा टाकत घरी आला आणि म्हणाला, “वहिनी, सीट शिवाल का?”

तिला वाटलं, शिवणं ते शिवणंच, त्यात काय मोठं. पण पहिलं कव्हर तिने इतक्या वेळा उसवलं की कापड चाळणीसारखं झालं. माणूस कपडा घालताना दंड उचलतो, पोट आत घेतो, थोडं सांभाळून घेतो. सीट कशालाच दाद देत नाही. शेवटी तिने जुनी वर्तमानपत्रं सीटवर पसरली, टाचण्या लावल्या आणि एकेक वळण कागदावर उतरवून घेतलं. मग कव्हर असं बसलं, की गाडीच्या मालकाने दोन्ही हातांनी चापून पाहिलं आणि कुठे सुरकुती सापडते का ते शोधत बसला. सापडली नाही.

तेव्हापासून ती तिथलीच झाली. ट्रकवाले केबिनमधल्या झोपायच्या फळीसाठी गाद्या करून घेत. एकाचा उजवा खांदा दुखायचा, तर त्याच्या गादीला तिने खांद्यापुरता खळगा ठेवून दिला. पुढे तो जिथे माल उतरवायला जाई तिथे काकूचं नाव सांगून येई. तिच्या शिवणीची ख्याती एकच होती: उसवत नाही. नायलॉनचा जाड दोरा, दुहेरी टीप. दीर गिऱ्हाइकाला कव्हराचं टोक धरून ओढायला लावायचा आणि म्हणायचा, कापड फाटेल, शिवण सुटणार नाही. काकू तेव्हा मान खाली घालून मशीन चालवत राही, पण तिला आतून बरं वाटे. आयुष्यात आपल्या कामाबद्दल कुणी असं मोठ्याने बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग एके दिवशी शेजारच्या गॅरेजात एक चेपलेली मोटार आली.

गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणत. सडपातळ, लांब, आणि मान कायम एका बाजूला कललेली. त्याने छपराच्या पलीकडून हाक मारली, की काकू, जरा येऊन जा, तुमचंच काम दिसतंय. ती गेली. मोटारीची डावी बाजू आत दबली होती. चालवणारा एकटाच होता आणि त्याला फारसं लागलं नव्हतं. पण पाना तिला दाखवत होता ती शेजारची रिकामी सीट. तिच्यावर काकूचं राखाडी कव्हर, कडेने काळ्या गोटासारखी पायपिंग. पाठीच्या कडेला कव्हर आतून फुगल्यासारखं ताणलं होतं आणि तसंच सैल पडलं होतं.

पानाने सांगितलं ते असं. या नव्या गाड्यांना समोर असते तशी सीटच्या कुशीतही एअरबॅग असते. बाजूने धडक बसली की ती पाठीच्या कडेतून बाहेर येते आणि माणूस व दार यांच्या मध्ये उशीसारखी उभी राहते. कंपनीचं मूळ कापड त्या जागी मुद्दाम सहज फाटेल असं शिवलेलं असतं. इथे ते फाटलं. पिशवी फुगली. पण वरून काकूचं कव्हर होतं.

“तुमची शिवण सुटली नाही,” पाना म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यालाही हे आजच कळलं होतं.

काकूने शिवणीवरून बोट फिरवलं. एक टाका ढळला नव्हता. इथे कुणी बसलेलं असतं तर, असं तिच्या मनात आलं. ती गॅरेजातल्या टायरवर बसली. पानाने पाणी आणून दिलं. ते हातात धरून ती त्याला पुनःपुन्हा विचारत राहिली, कोणत्या गाड्यांना असते, कुठे असते, ओळखायची कशी. त्याने सीटच्या कडेचं इवलंसं कापडी लेबल दाखवलं. ते लेबल तिने कितीतरी गाड्यांमध्ये पाहिलं होतं. कपड्याच्या कॉलरला असतं तसलंच काहीतरी असेल असं समजून त्याच्यावरून कव्हर चढवलं होतं.

त्या दिवशी तिने मशीन लावलं नाही. संध्याकाळी दिराला सगळं सांगितलं आणि म्हणाली, की अशा जेवढ्या गाड्यांना आपण कव्हरं घातली त्या परत बोलवायच्या आणि बाजू मोकळी करून द्यायची. दीर आधी ऐकून घेत होता, मग भडकला. त्याचं म्हणणं, सगळी गल्ली अशीच कव्हरं घालते. कुणी विचारायला आलेलं नाही. आपण होऊन जाऊन सांगायचं म्हणजे स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घ्यायचा. उद्या लोक म्हणतील, या दुकानात माणसं मारायचं सामान मिळतं.

काकू सहसा त्याच्यापुढे बोलत नसे. तो दिलदार होता, तिला अडचणीच्या वेळी काम दिलं होतं, आणि हे ती विसरली नव्हती. ती बराच वेळ हातातली टाचण्यांची डबी उघडझाप करत राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “तुमच्या गाडीतही माझीच कव्हरं आहेत. तुमच्या शेजारी धाकटी बसते.”

धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. दीर दुकानाचं शटर अर्धं ओढून बाहेर गेला. काकूला वाटलं, रागावून गेला. पण थोड्या वेळाने छपराखाली त्याची मोटार येऊन उभी राहिली, आणि तो खाली उतरून सीटच्या मागचे हूक काढायला लागला. जरा कात्री द्या म्हणाला.

आता प्रश्न होता करायचं काय. काकूचा पहिला विचार होता, त्या जागी कच्चा दोरा घालावा, धक्का बसला की तुटेल. पानाने मान आणखी कलती केली आणि विचारलं, तुटेलच हे कशावरून, आणि ते पाहणार कसं? तेव्हा अंदाजाचं काम नको, असं ठरवून तिने ती बाजू सरळ कापून उघडीच ठेवली. पण उघडी म्हणजे फाटकी नव्हे. कडेला पायपिंग फिरवली, खालून पट्टा घेतला, आणि आतलं मूळ कापड खिडकीतून डोकावल्यासारखं दिसेल असा आकार दिला. दिराच्या गाडीवर हे सगळं जमेपर्यंत दोन कव्हरं वाया गेली. दीर एका शब्दाने कुरकुरला नाही.

ज्यांचे फोन नंबर होते त्यांना दिराने फोन केले. काही लगेच आले. काहींना वाटलं, दुकानाला मंदी आली म्हणून नवीन युक्ती काढली आहे. पण निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं रस्त्यावरून येऊन गेलेली, त्यांचा पत्ता कुणाला माहीत! इथे काकूच्या नवऱ्याचा उपयोग झाला. तो गोदामात कामाला होता, अबोल माणूस, बायकोच्या कामात कधी लक्ष न घालणारा. त्याने एवढंच विचारलं, की गाडी दिसली तर आपलं कव्हर तुला ओळखू येईल का. ती म्हणाली, आईला पोर ओळखू येत नाही का? मग सुट्टीच्या दिवशी तो तिला स्कूटरवर मागे बसवून बाजारांच्या, दवाखान्यांच्या, मोठमोठ्या इमारतींच्या वाहनतळांवर नेऊ लागला. ती काचेला कपाळ टेकवून, डोळ्यांवर हातांचा आडोसा करून आत बघायची. आपलं कव्हर दिसलं की वायपरखाली चिठ्ठी ठेवायची किंवा मालक येईपर्यंत थांबायची.

एका वाहनतळावर रखवालदाराने तिला हटकलं. पन्नाशीची बाई, चष्मा, हातात पिशवी, आणि एकेका मोटारीत डोकावत चाललेली. त्याने विचारलं, काय चोरायचंय? तिने खरं काय ते सांगितलं, तर त्याला ते चोरीपेक्षाही अजब वाटलं. नवरा स्कूटरवरून उतरला आणि शांतपणे म्हणाला, “चोरायचं नाही, दुरुस्त करायचंय.” घरी येईपर्यंत काकू त्या वाक्यावर हसत होती. लग्न झाल्यापासून तिच्या बाजूने तो चारचौघांत बोलल्याची ती पहिलीच खेप.

रखवालदारानेच पुढे त्या इमारतीतल्या गाड्यांवर लक्ष ठेवलं आणि दोन मोटारी पाठवल्या. खांदेदुखीवाला ट्रकवाला तर या कामाच्या हात धुऊन मागे लागला. ट्रकांच्या सीटांना असलं काही नव्हतं, म्हणजे त्याचा काही संबंध नव्हता, पण पेट्रोल पंपावर कुठलीही नवी मोटार शेजारी आली की तो वरून वाकून सीटची कड बघायचा. सगळ्यांनी कौतुक केलं असं नाही. एका गृहस्थाने भर दुकानात काकूला नको ते सुनावलं, आणि तिने ते ऐकून घेतलं, कारण त्याची लहान मुलगी पुढे बसत असे. एका बाईने उलट तिचा हात हातात धरला आणि गाडीची किल्ली दिली.

बहुतेक गाड्या सापडल्या. सगळ्या सापडल्या असं सांगता येणार नाही. बदामी रंगाचं, तपकिरी कडेचं एक कव्हर अजून कुठे दिसलेलं नाही. ते आठवलं की काकू मशीन थांबवते, मग पुन्हा कामाला लागते.

दिराची भीती मात्र खोटी ठरली. सुरुवातीचे काही आठवडे दुकान थंड होतं. नंतर लोक मुद्दाम विचारत येऊ लागले, की ते बाजू मोकळी ठेवणारं दुकान हेच का. आता छपराखाली आणखी दोन मशीनं आहेत. एकावर धाकटी बसते. तिचा हात अजून जरा कच्चा आहे, पण पायपिंग ती काकूपेक्षा सफाईने वळवते. नवी मोटार आली की आधी पाना बोलावला जातो. तो लेबलं शोधतो, मग कागद पसरले जातात.

गल्लीत दुसऱ्या टोकाला एक जुना सीटवाला आहे. त्याने काकूला कधी कारागीर मानलं नव्हतं. फ्रॉक शिवणारी बाई म्हणायचा. परवा दुपारी तो सहज आल्यासारखा आला, हॉर्नचे भाव विचारले, दिव्यांकडे बघितलं, आणि हळूहळू छपराखाली येऊन उभा राहिला. काकू एका पाठीच्या कडेचा उघडा आकार कापत होती. तो बघत राहिला. मग म्हणाला, की ही गोलाई वळवताना आपलं कापड चुण्या घेतं.

काकूने त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

“बसा,” ती म्हणाली, “आतून जरा जरा चिरा द्यायच्या. फ्रॉकच्या गळ्याला देतात ना, तशाच.”

तो बसला आणि चष्मा लावला. तिने हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्यासाठी नवा कागद पसरला.